ओळखीच्या चाली, अनोळखी श्रोते

लोकसंगीत, भक्तिसंगीत आणि रागदारी संगीत यांच्यापासून वेगळा ओळखता येईल असा संगीताचा एक प्रवाह गेल्या दीड शतकात जगभर वाढला असून, डॉ. अशोक दा. रानडे यांच्यासारख्या मराठी संगीताभ्यासकांनी त्याला 'जनसंगीत' असे नाव दिले आहे. जात्यावर ओवी म्हणणारी स्त्री स्वतःसाठी आणि घरासाठी गाते, वारकरी देवासमोर गातो, दरबारी गवय्या आपल्या आश्रयदात्यासमोर आणि मोजक्या जाणकारांसमोर गातो. जनसंगीतातला गायक मात्र ज्यांना तो ओळखत नाही आणि बहुधा कधी पाहणारही नाही अशा श्रोत्यांसाठी गातो, आणि त्या दोघांच्या मध्ये तिकीट, छापील पुस्तिका, तबकडी किंवा ध्वनिक्षेपण यांपैकी एखादी देवघेवीची यंत्रणा उभी असते. मराठी जनसंगीताचा आरंभ पुष्कळदा ग्रामोफोनपासून किंवा बोलपटापासून मोजला जातो, परंतु तो मान खरे पाहता नाटकगृहाच्या तिकीटखिडकीचा आहे, आणि त्या खिडकीवर जे विकले गेले ते बव्हंशी श्रोत्यांच्या आधीपासूनच कानावरचे होते, ही गोष्ट या इतिहासात फार महत्त्वाची ठरते.

तिकिटापूर्वीची स्थिती समजून घेण्यासाठी कोकणातले एखादे देवस्थानाचे गाव डोळ्यांसमोर आणणे उपयोगाचे होईल. रायगड जिल्ह्याच्या सुधागड तालुक्यातील पाली हे अंबा नदीच्या खोऱ्यातले, अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे गाव आहे. भाद्रपदात आणि माघात तिथे गणपतीचा उत्सव होतो, आणि अशा उत्सवांत नारदीय कीर्तन हा संगीताचा मुख्य आविष्कार असे. कीर्तनकार पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण करतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. त्या आख्यानात आर्या, साकी, दिंडी, कटाव, ओवी अशा वृत्तांची आणि त्यांच्या ठरलेल्या चालींची रेलचेल असते, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यालाही शेकडो चाली तोंडपाठ होत. देवळाबाहेर कुणब्यांचा जाखडी नाच असे, शेतीच्या कामातली गाणी असत, आणि खाडीकाठच्या आगरी वस्त्यांत लग्नाचे विधी गाण्यातून लावणारी धवलारीण असे, जिच्या धवळ्यांवाचून लग्न लागत नसे. या सगळ्या गाण्याला मोबदला होता, पण किंमत नव्हती: कीर्तनकाराला बिदागी मिळे, धवलारणीला मान आणि शिधा मिळे, परंतु ऐकणाऱ्याने ऐकण्याबद्दल पैसे मोजावेत ही कल्पना या व्यवहारात कुठेही बसत नव्हती.

कीर्तनातल्या या चाली कोणा एका पंथाच्या मालकीच्या राहिल्या नव्हत्या, याचा उत्तम पुरावा याच किनाऱ्यावर सापडतो. अलिबाग, रेवदंडा, रोहा-अष्टमी या परिसरात शतकानुशतके राहिलेल्या आणि गावांवरून दिवेकर, अष्टमकर अशी आडनावे धारण केलेल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी यहुदी, समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी कीर्तनाच्या घाटात रचली आणि ती साकी-दिंडीच्या परिचित चालींवरच गायली. चाल ही धर्म, विषय आणि भाषेतील पोत बदलला तरी टिकून राहणारी वस्तू आहे, हे व्यापारी रंगभूमीइतकेच कीर्तनकारांनाही ठाऊक होते.

दुसरा साठा तमाशाचा होता. पेशवाईच्या अखेरच्या काळात राम जोशी, होनाजी, सगनभाऊ, प्रभाकर आदी शाहिरांच्या लावण्यांना दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात आणि सरदारांच्या वाड्यांत आश्रय होता. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर तो आश्रय आटला आणि फडांना जत्रा, बाजार आणि वाढत्या शहरांकडे वळावे लागले. मुंबईत १८५० च्या दशकात कापड गिरण्या सुरू झाल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसांचा ओघ लागला. पालीच्या परिसरातला माणूस नागोठणे-धरमतरच्या खाडीमार्गे मुंबई गाठू शकत असे. ज्याचे गाव, देऊळ आणि भावकी मागे राहिली आहे, ज्याच्या हाती रोख मजुरी आहे आणि ज्याला कामानंतरची संध्याकाळ अशी वेगळी वेळ मिळाली आहे, असा हा श्रोता जनसंगीताचा पहिला खरा ग्राहक होय. ग्रँट रोडच्या बाजूला नाटकगृहांची जी वस्ती झाली तिला लोक 'पिला हाउस' म्हणत, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पठ्ठे बापूराव यांच्यासारख्या शाहिरांच्या लावण्या मुंबईतल्या थिएटरांतून तिकीट लावून होऊ लागल्या. तमाशाच्या या टप्प्याची नोंद मराठी संगीतेतिहासाने फार उशिरा घेतली. नाटकाच्या इतिहासाला जे भाग्य लाभले ते तमाशाला लाभले नाही, याचे कारण संगीतात शोधण्यापेक्षा लिहिणाऱ्यांच्या जातीत आणि वर्गात शोधणे अधिक योग्य ठरेल.

मराठी नाटकाची सुरुवात विष्णुदास भावे यांनी सांगलीत १८४३ मध्ये केलेल्या 'सीतास्वयंवरा'पासून मानली जाते. भाव्यांच्या नाटकात पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे त्या अनुरोधाने अभिनय व उत्स्फूर्त भाषण करीत. म्हणजे गाणारा आणि वावरणारा हे दोघे भिन्न होते. पात्रांनीच गावे असा प्रयत्न मुंबईत सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी १८७९ मध्ये 'नलदमयंती' या संगीत नाटकाने केला होता, परंतु त्याचा प्रभाव मर्यादित राहिला. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० मध्ये पुण्यात एका पारशी मंडळीचा 'इंद्रसभा' हा गीतप्रधान खेळ पाहिला आणि तसे काही मराठीत करण्याचा ध्यास घेतला. कालिदासाच्या नाटकाचे त्यांनी केलेले मराठी रूपांतर 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या बुधवार पेठेतील आनंदोद्भव नाटकगृहात रंगमंचावर आले. त्या दिवशी पहिले चार अंक झाले आणि उरलेले पुढे बसवले गेले. १८८२ मध्ये आलेल्या 'सौभद्रा'ने या प्रकाराला असे स्थैर्य दिले की पुढची पन्नास वर्षे 'नाटक' म्हटले की 'संगीत नाटक' असाच अर्थ मराठी माणसाच्या मनात उमटत राहिला.

'शाकुंतला'तील पदांची संख्या दोनशेच्या आसपास होती, आणि त्यांच्या चाली पाहिल्या की किर्लोस्करांची दृष्टी उमगते. त्यांनी कीर्तनातली साकी आणि दिंडी घेतली, लावणीचा ठेका घेतला, बायकांच्या मंगळागौरीच्या आणि घरगुती गाण्यांतल्या चाली घेतल्या, आपल्या मुलखातल्या कानडी पदांच्या चाली घेतल्या आणि उत्तर हिंदुस्थानी चिजांचाही आधार घेतला. नवी चाल बांधण्याची हौस त्यांना फारशी नव्हती, आणि यात उणेपणा शोधणे चुकीचे ठरेल, कारण रात्रभर चालणाऱ्या खेळात शे-दोनशे अपरिचित गाणी ऐकून घेण्याची सवय कोणत्याच प्रेक्षकाला नसते. देवळात, माजघरात आणि तमाशाच्या बोर्डावर एकमेकांपासून दूर नांदणाऱ्या चाली एका छताखाली, एकाच रात्री, पैसे देऊन आलेल्या मिश्र प्रेक्षकासमोर आल्या, हीच त्यातली क्रांती होती.

नाटकाबरोबर पदांच्या छापील पुस्तिका विकल्या जात, आणि त्या पुस्तिकांची रचना जनसंगीताच्या इतिहासात फार बोलकी आहे. साधारण त्याच सुमारास, १८८० आणि १८९० च्या दशकांत, न्यूयॉर्कमध्ये 'टिन पॅन अ‍ॅली' या टोपणनावाने पुढे ओळखला गेलेला गाण्यांचा छापखानदारी व्यवसाय उभा राहिला. तिथे एकेका गाण्याचे स्वरलेखन छापून ते विकले जाई आणि चार्ल्स के. हॅरिस यांच्या 'आफ्टर द बॉल' या गाण्याच्या तर लाखो प्रती खपल्या. ते गाणे घरी नेणाऱ्याला पियानो आणि तो वाचून वाजवणारी व्यक्ती लागे. मराठी पुस्तिकेत स्वरलिपी नसे. पदाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून एखाद्या आधीच्या, सर्वांना ठाऊक असलेल्या गाण्याचे पहिले चरण छापलेले असे, आणि खाली नवे शब्द असत. म्हणजे विकत मिळत ते शब्द, आणि सूर मात्र ग्राहकाने आपल्या आठवणीतून आणायचे. एका नाटकातले पद गाजले की त्याचे पहिले चरण पुढच्या नाटकातल्या पदावर 'चाल' म्हणून छापले जाई, आणि अशा रीतीने स्वरलेखनाविना, केवळ परस्परांच्या हवाल्यांवर, चालींचे एक प्रचंड जाळे महाराष्ट्रभर पसरले. या जाळ्यात मूळ चाल कोणाची हा प्रश्न कोणी विचारीत नसे, कारण तोवर चालीला धनी असतो असे कोणाला वाटत नव्हते.

धनी नसला तरी तारा मात्र लवकरच उगवला. बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर १८८२ मध्ये किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले, आणि त्यांच्या चढ्या, धारदार आवाजाने पदाला नाटकातल्या प्रसंगापासून अलग असे आकर्षण प्राप्त करून दिले. 'वन्स मोअर'चा पुकारा होऊन तेच पद पुन्हा गायले जाणे ही प्रथा याच रंगभूमीवर रुजली. कथानक थांबवून गाणे परत मागणारा प्रेक्षक हा नाट्यदृष्टीने अरसिक म्हणता येईल, परंतु जनसंगीताच्या दृष्टीने तो फार पुढचा होता, कारण त्याला गाणे ही स्वतंत्र वस्तू म्हणून हवी होती आणि ती देणारे यंत्र अजून आले नव्हते. नाटक मंडळ्या बारमाही फिरत्या असत. पुणे, मुंबई, इंदूर, बडोदे, नागपूर, हुबळी-धारवाड अशी त्यांची भ्रमंती चाले, आणि जिथे रेल्वे पोहोचली तिथे पदे पोहोचत. गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' १८९९ मध्ये इंदूरला प्रथम झाले आणि जरठ-कुमारी विवाहाचा सामाजिक प्रश्न त्यातल्या साध्या चालींवरून घरोघर गेला. त्याआधी १८९६ मध्ये श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'वीरतनय' नाटकात पारशी-उर्दू आणि गुजराती रंगभूमीच्या ठसकेबाज चाली आणल्या होत्या. परक्या, उडत्या चालींनी अभिरुची बिघडते हा आक्षेप तेव्हापासून मराठीत दर पिढीत नव्याने घेतला गेला आहे, आणि दर पिढीत ज्या चालींवर तो घेतला गेला त्याच पुढच्या पिढीला अभिजात वाटू लागल्या आहेत.

मराठी जनसंगीताला जगातल्या इतर उदाहरणांपासून वेगळे करणारा टप्पा १९११ मध्ये आला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकासाठी गोविंदराव टेंबे या हार्मोनियमवादकाने चाली दिल्या आणि त्यात उत्तरेकडच्या ठुमरी, कजरी आदी प्रकारांचा लोभस ढंग आणला. संपूर्ण नाटकाचे संगीत एका संगीतज्ञाने योजावे ही रीत या नाटकापासून पक्की झाली. १९१६ च्या 'स्वयंवरा'ला भास्करबुवा बखले या थोर गवय्याने चाली दिल्या तेव्हा तर रागदारीतल्या बंदिशीच मराठी शब्द धारण करून रंगमंचावर आल्या. लंडनच्या म्युझिक हॉलमध्ये किंवा न्यूयॉर्कच्या रंगमंचावर लोकप्रिय गाणे हे अभिजात संगीतापासून जितके दूर जाईल तितके खपे. महाराष्ट्रात मात्र यमन, भीमपलास, बागेश्री यांच्या छटा कारकुनाच्या आणि दुकानदाराच्या गुणगुणण्यात आल्या, आणि हे घराण्यांच्या तालमीने नव्हे तर तिकीटविक्रीने साधले. एकीकडे संस्थानी आश्रय घटत असल्याने गवय्यांना पोटासाठी नवे क्षेत्र हवे होते, आणि दुसरीकडे नाटक मंडळ्यांना परस्परांवर मात करण्यासाठी नवनव्या चालींची निकड होती. या दोन गरजांची गाठ पडली आणि त्यातून नाट्यसंगीत नावाचा तो प्रकार घडला, ज्याला संपूर्ण शास्त्रीय म्हणता येत नाही आणि निव्वळ करमणुकीचे म्हणूनही बाजूला सारता येत नाही.

या प्रकाराचा परमोत्कर्ष नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांच्यात झाला. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत सारंगी आणि ऑर्गन यांची साथ होती, आणि पुढे अहमदजान थिरकवांसारखे तबलानवाज त्यांच्या पदांना ठेका देत. विलायती वाद्याचे असे रुळून जाणे महाराष्ट्राला नवे नव्हते. पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळातली मोठी घंटा चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर अर्पण केलेली, म्हणजे मूळची पोर्तुगिजांकडची, असे सांगितले जाते, आणि तिच्या नादात कोणालाही परकेपणा जाणवत नाही. पायपेटीचे आणि ऑर्गनचेही तसेच झाले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि ललितकलादर्श या नाटक मंडळीचे केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी नटांनी मुंबईत 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग केला, त्यात तिकिटांचे दर शंभर रुपयांपर्यंत गेले होते; गाण्याचे मोल बाजारात किती वाढले होते याची ती एक खूण म्हणता येईल. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवरावांचे ऐन तिशीत निधन झाले.

ध्वनिमुद्रणाचे तंत्र या रंगभूमीच्या ऐन बहरात भारतात आले. एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे एकस्व मिळवले होते, आणि १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात पहिली भारतीय ध्वनिमुद्रणे केली, ज्यांत गौहरजान यांचा आवाज सर्वांत प्रसिद्ध झाला. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन मोठ्याने गायचे, त्या आवाजाच्या जोराने सुई हले आणि मेणाच्या तबकडीवर नागमोडी रेषा कोरली जाई. त्या मेणावरून धातूचे साचे तयार करून लाखेच्या मिश्रणाच्या तबकड्या छापल्या जात. ही लाख पुष्कळशी भारतातूनच युरोपात जाई, आणि आरंभीची काही वर्षे भारतीय गायकांच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला छापून परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना निघाल्यावर हा उलटा प्रवास संपला. गाण्याच्या शेवटी गायिकेने आपले नाव उच्चारण्याची जी पद्धत जुन्या तबकड्यांत ऐकू येते, ती परदेशातल्या कारागिरांना आवाज ओळखता यावा या सोयीतून आली, असे सांगितले जाते.

दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांत संपे, आणि या मर्यादेने मराठी गाण्याचा देह बदलला. नाटकगृहात जे पद 'वन्स मोअर'सह पाव तास चाले त्यातला आलाप, पुनरावृत्ती आणि तानांचा फुलोरा छाटून त्याचा गाभा तीन मिनिटांत बसवावा लागे. कोणती तान ठेवायची, कोणता अंतरा गाळायचा, याचा निर्णय आधीच करावा लागे, आणि एकदा मुद्रित झालेले रूप हेच प्रमाण रूप ठरे. कीर्तनातली किंवा लावणीतली चाल दर गायनात थोडी बदलत असे, तबकडीतली चाल मात्र दर वेळी तीच राहिली, आणि ऐकून शिकणाऱ्या हजारो हौशी गायकांनी गायकाच्या श्वासासकट तिचे अनुकरण केले. ध्वनिमुद्रणाने नाट्यसंगीत जतन केले हे खरेच आहे, पण जे जतन झाले ते त्याचे आखूड झालेले रूप आहे, याचे भान बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकताना ठेवावे लागते. भाऊराव कोल्हटकरांच्या बाबतीत तेवढेही हाती नाही: गैसबर्ग कलकत्त्याला उतरण्याच्या सुमारे पावणेदोन वर्षे आधी, फेब्रुवारी १९०१ मध्ये, भाऊराव वारले, आणि ज्या आवाजाने मराठी माणसाला गाण्याचे वेड लावले तो आवाज केवळ वर्णनांतूनच उरला.

तबकडीमुळे स्त्रियांच्या आवाजाला मात्र दार उघडले. रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुष करीत असताना, कलावंत घराण्यांतल्या आणि बैठकीच्या गायिका कर्ण्यासमोर गात होत्या. सुंदराबाई जाधव यांच्या लावण्या, भजने आणि गझला तबकड्यांवरून महाराष्ट्रभर गेल्या. ज्यांच्या बैठकीला जाणे प्रतिष्ठित घरात बोलून दाखवण्यासारखे नव्हते त्यांचा आवाज त्याच घराच्या माजघरात फोनोवरून ऐकण्यात कोणाला संकोच वाटला नाही. किराणा घराण्याच्या हिराबाई बडोदेकर यांनी पुढे तिकीट लावून जाहीर गायन केले आणि १९२९ मध्ये नूतन संगीत नाटक मंडळी काढून रंगमंचावर स्वतः भूमिकाही केल्या.

ग्रामोफोन यंत्र घेणे सर्वांना परवडणारे नव्हते, पण गावात एक यंत्र असले तरी पुरेसे असे, आणि इथे कोकणातल्या भजनी मंडळांनी मोठी कामगिरी बजावली. मृदंग, टाळ आणि पेटी यांच्या साथीत अभंग गाणाऱ्या मंडळांनी नाट्यपदांच्या चाली उचलल्या आणि त्यांवर तुकारामाचे, नामदेवाचे अभंग बसवले. किर्लोस्करांनी कीर्तनातून उचललेल्या चाली अशा रीतीने नव्या दागिन्यांसह देवळात परत आल्या. लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक रूप दिलेल्या गणेशोत्सवातले मेळे हेही याच प्रकारचे वाहन होते. गणवेश घातलेल्या मुलांच्या मेळ्याने लोकप्रिय नाट्यपदाच्या चालीवर स्वदेशीचे किंवा सुधारणेचे पद म्हणावे, आणि पोलिसांनी शब्दांवर बंदी घातली तरी चाल लोकांच्या ओठांवर राहावी, असे घडत असे. चालींचे जे जाळे पुस्तिकांतून विणले गेले होते त्याचाच हा राजकीय उपयोग होता.

१९३० च्या दशकाने या व्यवस्थेचा पाया हलवला. १९३१ मध्ये पहिला भारतीय बोलपट आला, १९३२ मध्ये प्रभात चित्रपट कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला, आणि त्याचे संगीत गोविंदराव टेंब्यांचेच होते, म्हणजे रंगभूमीची माणसे आणि चाली यांनीच बोलपटाचा पहिला संसार थाटला. चार-आठ आण्यांत गाणे ऐकू आणि दिसू लागल्यावर फिरत्या नाटक मंडळ्यांचा खर्च भागेना; मंडळ्या एकामागून एक कर्जात बुडाल्या. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक सादर केले, त्यात केशवराव भोळे यांनी मोजकी, छोटी, प्रसंगाला धरून येणारी गाणी दिली आणि ज्योत्स्ना भोळे यांनी ती गायली. पदांच्या भरगच्च मैफलीऐवजी शब्द स्पष्ट ऐकू येणारे छोटे गाणे पुढे आले, आणि त्याला पूरक असे तंत्रही त्याच सुमारास उपलब्ध झाले. १९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण सुरू होऊन कर्ण्याची जागा मायक्रोफोनने घेतली होती. आता गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज राहिली नाही आणि कुजबुजीइतका मृदू स्वरही तबकडीवर उमटू लागला. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी यांच्या निकट, संभाषणासारख्या गाण्याला जे तंत्र कारणीभूत झाले तेच मराठीत भावगीताला कारणीभूत झाले.

भावगीत म्हणजे नाटकाच्या किंवा देवाच्या संदर्भाशिवाय, एका व्यक्तीच्या मनातला भाव व्यक्त करणारे स्वतंत्र गाणे होय. त्याची पूर्वतयारी कवींनीच केली होती: १९२३ च्या सुमारास पुण्यात जमलेल्या रविकिरण मंडळातील माधव जूलियन, यशवंत, गिरीश हे कवी आपल्या कविता जाहीर सभांतून चालीवर म्हणत, आणि या काव्यगायनाने कविता ऐकण्याची सवय लावली. नागपूरकडून आलेले वकील गोविंदराव, म्हणजेच जी. एन. जोशी, यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता तबकडीवर गायली आणि तिच्या खपाने भावगीताचा स्वतंत्र बाजार सिद्ध केला. पुढे ते ग्रामोफोन कंपनीतच ध्वनिमुद्रण अधिकारी झाले. गजाननराव वाटवे यांनी चौकाचौकांतल्या गणेशोत्सवी कार्यक्रमांतून, एक पेटी आणि एक तबला एवढ्या साथीवर, हजारोंच्या समुदायाला कविता ऐकवली. रायगड जिल्ह्यातल्या पेणला १९२६ मध्ये जन्मलेले यशवंत देव हे या परंपरेचे पुढचे संगीतकार असून, 'शब्दप्रधान गायकी' या पुस्तकात त्यांनी मांडलेला विचार असा, की या गाण्यात स्वराने शब्दाच्या अर्थाला आणि उच्चाराला अनुसरावे. नाट्यसंगीतात तानेखाली दबून गेलेला शब्द अशा रीतीने पन्नास वर्षांनी वर आला, आणि मराठीत एक नवी श्रमविभागणी पक्की झाली: कवी, संगीतकार आणि गायक ही तीन स्वतंत्र नावे तबकडीच्या कागदी चकतीवर छापली जाऊ लागली.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले होते, पण रेडिओने मराठी गाण्याला खरा सार्वत्रिक श्रोता मिळवून दिला तो स्वातंत्र्यानंतर. १९४० पासून अनेक वर्षे आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. ज्या वाद्यावर नाट्यपदांची आणि भजनांची पिढी पोसली गेली तेच स्टुडिओच्या बाहेर राहिले, आणि बासरी, सतार, व्हायोलिन यांच्या मेळातून सुगम संगीताचा निराळा नाद तयार झाला. पुणे केंद्र १९५३ मध्ये उघडले आणि १ एप्रिल १९५५ या रामनवमीपासून 'गीतरामायणा'चे प्रक्षेपण सुरू झाले. सीताकांत लाड यांची योजना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांच्या चाली अशी ही छप्पन्न गीतांची मालिका दर आठवड्याला एक या क्रमाने १९ एप्रिल १९५६ पर्यंत चालली. तिच्या घडणीत मागच्या पाऊणशे वर्षांतले सगळे काही आहे: आख्यान कीर्तनाचे, पात्रमुखी गाणे किर्लोस्करांचे, रागांचा आधार नाट्यसंगीताचा, आटोपशीरपणा तबकडीचा आणि शब्दांची निगा भावगीताची. अनेक घरांत प्रक्षेपणाच्या वेळी रेडिओला हार घालून उदबत्ती लावली जात असे, आणि गाणे विकत घेण्याला सुरुवात झाल्यावरही ऐकणाऱ्याने पुन्हा देवळातल्यासारखे वागावे, हा या व्यवहारातला विलक्षण उलटफेर होय.

या वाढीत रायगडच्या किनाऱ्याचा स्वतःचा आवाज उशिराने आला. शान्ता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेली आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी गायलेली कोळीगीते आकाशवाणीवरून आणि तबकड्यांवरून महाराष्ट्रभर पोहोचली, आणि घाटावरच्या माणसाने समुद्र न पाहता कोळीनृत्याचा ठेका ओळखला. शाळांच्या स्नेहसंमेलनांत तो आजही पहिल्याप्रथम आठवतो. त्यानंतर मुंबई आणि रायगडच्या कोळीवाड्यांतल्या, आगरी पट्ट्यातल्या गायकांनी आधी तबकडी आणि मग कॅसेट यांच्या आधारे आपल्याच बोलीत, हळदीच्या आणि एकविरेच्या गाण्यांची स्वतंत्र बाजारपेठ उभी केली, जिला पुण्या-मुंबईच्या संगीतसमीक्षेने क्वचितच विचारात घेतले. या ध्वनिमुद्रणांत पुष्कळदा गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' एवढाच शब्द छापलेला आढळतो. किर्लोस्करांच्या काळात चालीला धनी नव्हता तेव्हा त्यातून कोणाचे नुकसान होत नव्हते. १९१४ आणि १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यांनंतर मात्र गीतकार, संगीतकार आणि ध्वनिमुद्रण करणारी कंपनी यांना हक्क आणि मानधन मिळू लागले, आणि ज्या धवलारणीच्या तोंडून ती चाल पिढ्यान्‌पिढ्या आली तिला त्या हिशेबात रकानाच नाही. रायगडमध्ये धवळे जाणणाऱ्या बायका आता थोड्या उरल्या आहेत, आणि हळदीच्या मांडवात त्यांच्या चाली बहुतेक वेळा ध्वनिवर्धकावरून, दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर वाजतात.